कोथिंबिरीच्या जुडीसाठी साडेतीनशे घोडे

स्पोर्ट्स कार रोज वापरू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी दहा पायऱ्या

अभिनंदन! तुम्ही हे वाचताय, म्हणजे घरात विषय निघालाय, एक भांडण उरकलंय आणि "अगं, पण ही रोज वापरता येते" हे वाक्य तुमच्या तोंडून गेलंय. घाबरू नका. सगळ्यांची सुरुवात याच वाक्यानं होते. सहा वर्षांपूर्वी मी ते स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बोललो होतो. बायको पोळ्या लाटत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "मंडईत नेता येईल?" मी म्हणालो, "न यायला काय झालं?"

गाडी आली. दोन दारं, साडेतीनशे घोडे, परदेशी, अर्थात सेकंडहँड. तेव्हापासून जे शिकलो ते पुढे देतोय. आधी एक क्रियापद पाठ करा: "डेली करणे". "मी ती डेली करतो" याचा अर्थ महिन्यातून दोनदा, पाऊस नसेल तर.

पायरी १ : न चाललेली गाडी निवडा

जाहिरातीतला पहिला आकडा किलोमीटरचा असतो. "२०१२ मॉडेल, फक्त ९,००० किमी." हे वाचून तुमचे डोळे पाणावले पाहिजेत. इतक्या वर्षांत नऊ हजार म्हणजे दिवसाला दोन किलोमीटरही नाहीत. आमची आजी देवळात जाऊन-येऊन याहून जास्त चालायची. विकणारा छातीठोकपणे सांगेल, "साहेब, एकदाही बंद पडलेली नाही." विश्वास ठेवा. बंद पडायला आधी चालू व्हावं लागतं.

आता तज्ज्ञाचा सल्ला. उभ्या गाडीतलं रबर वाळतं, ऑइल सील पाझरायला लागतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, बॅटरी मान टाकते आणि टायर एकाच जागी टेकून चपटे होतात. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१३ म्हणजे २०१३ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी करकरीत आणि वय बाराच्या पुढे. फेरारी एफ३५५सारख्या गाडीचे टायमिंग बेल्ट तर किलोमीटर बघून नव्हे, वर्षं मोजून बदलायचे असतात आणि त्यासाठी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. गाडी जागची हलो न हलो, तिथी आली की श्राद्ध घालावंच लागतं.

थोडक्यात, वापरली तर झिजते, ठेवली तर कुजते. यातलं आपल्याला काय परवडत नाही ते आधी ठरवा आणि मग दुसरंही परवडत नाही हे सावकाश कळू द्या.

पायरी २ : "विश्वासार्ह" या शब्दाचा अर्थ बदला

तुमच्या वडिलांच्या लेखी विश्वासार्ह गाडी म्हणजे किल्ली फिरवली की सुरू होणारी. बिचारे! आपल्यात विश्वासार्ह म्हणजे "हिला काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे." दोष माहितीचा असला की तो दोष राहत नाही, स्वभाव होतो.

चारचौघांत बोलायला ही उदाहरणं जवळ ठेवा. २०१० मध्ये फेरारीनं ४५८ इटालिया या मॉडेलच्या तोवर बनलेल्या सगळ्या, म्हणजे १,२४८ गाड्या परत बोलावल्या. चाकाच्या कमानीतला उष्णतारोधक पत्रा गोंदानं चिकटवला होता आणि फार तापला की तो गोंद पेट घेऊ शकत होता. उपाय म्हणून पत्रा गोंदाऐवजी धातूच्या रिव्हेटांनी बसवला. २०१४ मध्ये पोर्शनं ९११ जीटी३च्या ७८५ मालकांना सांगितलं की गाडी चालवूच नका. कनेक्टिंग रॉडचे स्क्रू ढिले होऊन आगी लागल्या होत्या. कंपनीनं सगळ्यांची इंजिनंच बदलून दिली. त्याच पोर्शच्या १९९७ ते २००८ या काळातल्या बऱ्याच इंजिनांत आयएमएस नावाचं एक बेअरिंग असतं. ते गेलं की इंजिन गेलं. ते कधी जाईल हे मात्र ज्योतिषानंच सांगावं. या गाड्यांचे मालक भेटले की पत्रिका जुळवणाऱ्या दोन घरांसारखे एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात, "बेअरिंग बदललंय का?"

आणि मॅक्लारेन एफ१! सगळ्या मिळून १०६ बनल्या, इंजिनाच्या खणाला आतून सोन्याचा वर्ख. इतकी वर्षं तिची तपासणी करायला नव्वदच्या दशकातला एक कॉम्पॅक लॅपटॉप लागत आला. गाडीची किंमत शेकडो कोटींच्या घरात गेली आणि तिचा जीव अडकला पोपटात. पोपट जुन्या लॅपटॉपमध्ये.

एक गाडी मात्र कटाक्षानं टाळा. १९९० मध्ये होंडानं एनएसएक्स आणली. अंगभर ॲल्युमिनियम, चाचणीला शर्यतवीर आयर्टन सेना, वेगात फेरारीच्या पंगतीला बसणारी, आणि रोज सकाळी मुकाट सुरू व्हायची. शौकिनांनी नाक मुरडलं, म्हणे हिला आत्मा नाही. खरंच आहे. आत्मा शरीर सोडून जातो तेव्हाच जाणवतो आणि ही गाडी तर मरायलाच तयार नव्हती. अशी गाडी घेऊन लग्नाच्या पंगतीत सांगाल काय?

पायरी ३ : पैशांचा विचार करा, मग सोडून द्या

नवी परदेशी गाडी आणायची तर वर्षानुवर्षं मूळ किमतीच्या शंभर टक्क्यांहून जास्त आयात शुल्क बसत आलंय. म्हणजे एक गाडी तुमची, एक सरकारची, चालवायला एकच. वर महाराष्ट्रात नोंदणीचा कर. त्याची कमाल मर्यादा २० लाख होती, ती २०२५ मध्ये ३० लाख झाली.

"मला तर फुकटच मिळतेय" असं कुणी म्हणालं तर त्याला सचिनची गोष्ट सांगा. ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केल्याबद्दल त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. २००२ मध्ये सिल्व्हरस्टोनला खुद्द शर्यतवीर शूमाकरनं ती त्याच्या हाती दिली. भेट फुकट, पण तिच्यावरचं सीमाशुल्क १ कोटी १३ लाखांच्या आसपास. सरकारनं ते माफ केलं, गदारोळ झाला, मामला कोर्टात गेला आणि शेवटी पैसे फेरारीच्या तेव्हाच्या मालक कंपनीनं, फियाटनं भरले. पुढे २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. ज्याच्या घरात देशभरातून भेटी येत होत्या, त्यालाही ही भेट पचायला जड गेली. तुम्हाला तर ईएमआय आहे.

सेकंडहँड घेतली तर शुल्क आधीच्या मालकानं भरलेलं असतं. तुमच्या वाट्याला फक्त सुटे भाग येतात. माझ्या गाडीची कूलंटची प्लॅस्टिकची टाकी तडकली. टाकी पाहिली तर लोणच्याच्या बरणीएवढी. ती परदेशातून यायला सात आठवडे लागले. सात आठवडे गाडी गॅरेजात जॅकवर आणि मी रिक्षात. रिक्षावाल्याला मी सांगायचो, "माझ्याकडे स्पोर्ट्स कार आहे." तो आरशात बघून म्हणायचा, "सुट्टे आहेत का?"

पायरी ४ : गतिरोधक ओलांडायला शिका

इंडियन रोड्स काँग्रेसची शिफारस सांगते की गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि छान गोलाकार असावा. पुस्तकातला गतिरोधक म्हणजे अशी अलगद टेकडी. आमच्या सोसायटीच्या दारातला गतिरोधक मात्र रस्ता करून उरलेल्या डांबराचा आहे. ठेकेदारानं तो रात्री टाकला आणि सकाळी पुन्हा आलाच नाही. रुंदी हातभर, उंची त्याच्या मनासारखी.

अशा गाड्यांचं पोट जमिनीपासून साधारण दहा ते तेरा सेंटिमीटरवर असतं, नाक त्याहून खाली. काहींना नाक उचलायचं बटण असतं. ते दाबा, थांबा, मागच्या हॉर्नकडे दुर्लक्ष करा, नाक उचललं की निघा. बटण नसेल तर पद्धत अशी:

१. गाडी तिरपी करा, इतकी की समोरून येणाऱ्याला वाटावं तुम्ही यू-टर्न घेताय.

२. शेजारी बसलेल्याला उतरवा. वजन कमी होतं आणि साक्षीदारही.

३. वॉचमनकाकांना आडवं झोपवा. आमचे काका आता न सांगता झोपतात. टोपी काढून गुडघ्यावर, गाल रस्त्याला टेकलेला, एक हात वर. "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या, येऊ द्या... बास, बास, बास!" पहिल्या "बास"ला थांबलात तर वाचलात. मी तिसऱ्याला थांबायचो. मग तो आवाज यायचा, किसणीवर सुकं खोबरं घासावं तसा. काका उठून गुडघे झटकायचे आणि धीर द्यायचे, "फार नाही साहेब, थोडंच गेलंय."

कंपन्यांना हे कळत नाही असं समजू नका. २०२२ मध्ये लॅम्बोर्गिनीनं हुराकान स्टेराटो आणि पोर्शनं ९११ डकार दाखवली. पहिली आपल्या बहिणीपेक्षा ४४ मिलिमीटर उंच, दुसरी ५० मिलिमीटर. हेतू वाळवंटात आणि मातीत चालवण्याचा. आपल्याकडे वाळवंट लागत नाही, सोसायटीचं दार पुरतं. गंमत बघा, फेरुचिओ लॅम्बोर्गिनी मुळात ट्रॅक्टर बनवायचे. सांगतात की त्यांच्या फेरारीचा क्लच सारखा जायचा, तक्रार ऐकून घेतली गेली नाही म्हणून १९६३ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. एका वैतागलेल्या गिऱ्हाइकाच्या क्लचमधून जन्मलेलं हे घराणं साठ वर्षांनी पुन्हा शेतात उतरलं. मूळ ट्रॅक्टर काय वाईट होता?

पायरी ५ : वेग जपून ठेवा

शून्यातून शंभर गाठायला साडेचार सेकंद. हा आकडा तुम्ही तोंडपाठ केलाय, छान. आता तो सवडीनं वापरा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कारला मर्यादा ताशी १००, घाटात ६०. मुंबईच्या कोस्टल रोडवर ८०. समृद्धी महामार्गावर १२०, पण तिथं पोचेपर्यंत बरीच कोंडी ओलांडावी लागते. अशा बहुतेक गाड्या दुसऱ्या गिअरमध्येच शंभरी पार करतात. म्हणून तिसऱ्यापासून पुढचे गिअर देवघरातल्या चांदीच्या भांड्यांसारखे समजा. घरात असल्याचं समाधान, वर्षाकाठी एकदा पुसायचे.

बुगाटी वेरॉनचा आदर्श समोर ठेवा. तिला ४०७च्या वेगानं पळवलं तर १०० लिटरची टाकी बारा मिनिटांत रिकामी होते. टायर पंधरा मिनिटं टिकतात असं म्हणतात, म्हणजे पेट्रोल आधी संपतं म्हणून जीव वाचतो. नियोजन असावं तर असं.

प्रत्यक्षात तुमची लढाई ताशी चार किलोमीटरची. क्लच आपोआप दाबणारी, पण आतून साधाच एक क्लच असलेली जुनी गिअरपेटी असेल तर चढावरच्या कोंडीत गाडीला मुंगीच्या पावलानं सरकवू नका. तशी सरकली की क्लच अर्धवट घासत राहतो आणि जळक्या वासावरून चांदणी चौक आल्याचं कळतं. तज्ज्ञ सांगतात, पुढच्या गाडीला वीस फूट जाऊ द्या, मग एकदम निघा. पुण्यात तुमच्यापुढे वीस फूट मोकळे राहतील असं त्या तज्ज्ञांना कोणी सांगितलं हे कळत नाही. त्या वीस फुटांत तीन ॲक्टिव्हा, एक टेम्पो आणि फुगेवाला मावतो.

पेट्रोलही खालच्या ऑक्टेनचं चालत नाही. इंडियन ऑइलनं डिसेंबर २०२० मध्ये शंभर ऑक्टेनचं पेट्रोल दहा शहरांत आणलं, त्यांत पुणे-मुंबई आहे. दिल्लीत त्याचा सुरुवातीचा भावच लिटरला १६० रुपये होता. ते विकणारा पंप तुमच्या घराजवळ नसतो. म्हणजे पेट्रोल भरायला जाण्यासाठी पेट्रोल जाळावं लागतं. याला रोजचा वापर म्हणा. कुणी हिशेब मागत नाही.

पायरी ६ : बसायला आणि उठायला शिका

गाडीकडे पाठ करा, वाका, आधी बूड टाका, मग डोकं, शेवटी एकेक पाय. साडी असेल तर निऱ्या दोन्ही हातांनी धरा आणि देवाचं नाव घ्या. बसलं की रस्त्यावरच्या सगळ्यांचे गुडघे दिसतात. आमच्या आत्या पहिल्यांदा बसल्या आणि म्हणाल्या, "अरे, ही गाडी आहे की न्हाणीघर?" त्यांना घरी सोडल्यावर काढायला दोघं लागलो. त्या दिवसापासून त्या लग्नाला एसटीनं जातात. म्हणतात, एसटीला निदान पायऱ्या असतात.

तक्रार करू नका. लॅम्बोर्गिनी काउंटॅक घेणाऱ्यांना मागचं दिसायचंच नाही. ते दार वर उघडून, उंबऱ्यावर बसून, मान बाहेर काढून गाडी मागे घ्यायचे. काचाही जेमतेम उघडायच्या. टोलनाक्यावर कसं भागवत असतील ते असो. आपलं नशीब म्हणून फास्टॅग आला, नाहीतर टोलवाल्याला पैसे द्यायला आपण नमस्काराच्या मुद्रेत हात वर करून बसलो असतो.

पायरी ७ : सामान ओळखून घ्या

इंजिन मागे, त्यामुळे डिकी पुढे. तिच्यात दोन मऊ पिशव्या, एक जाकीट आणि बराचसा आशावाद मावतो. भोपळा घ्यायचा असेल तर कापलेला घ्या. नारळ सुटे ठेवू नका, वळणावर ते तबला वाजवतात. गव्हाची गोण शेजारच्या सीटवर बसवता येते, पण गाडी तिला माणूस समजते आणि पट्टा लावेपर्यंत पिंपिं करत राहते. मी गोणीला पट्टा लावून आलोय. सिग्नलवर बाजूच्या कारमधल्या बाईंनी सहानुभूतीनं पाहिलं.

इंजिन मधोमध आणि त्याच्या मागे डिकी, अशी रचना असेल तर तिथं आइस्क्रीम ठेवायचं धाडस करू नका. कच्चे हापूस जरूर ठेवा. इंजिनाच्या उबेत गवताशिवाय अढी लागते.

पायरी ८ : उभी ठेवण्याची कला

गाडीचं खरं आयुष्य उभं राहण्यात जातं, म्हणून हा भाग मन लावून वाचा. बॅटरीला कायम चार्जर लावून ठेवा. त्यासाठी पार्किंगमधल्या कॉमन मीटरवरून वायर ओढावी लागेल, त्यावरून सोसायटीच्या वार्षिक सभेत ठराव येईल, आणि "एका सभासदाची गाडी वीज पिते" हे इतिवृत्तात कायमचं नोंदलं जाईल. सहन करा. उंदरांसाठी इंजिनात तंबाखूची पानं आणि डांबरगोळ्या ठेवा. उंदीर जातात की नाही हे सांगता येत नाही, पण गाडी सुरू केली की आत पानपट्टी आणि आजीची ट्रंक असा संमिश्र सुगंध दरवळतो.

चार्जर लावायला विसरलात तर काय होतं ते सांगतो. मी विसरलो होतो. गाडीची बॅटरी पुढच्या डिकीत. डिकीचं कुलूप विजेवर चालतं. वीज देणार बॅटरी. बॅटरी मेलेली. आणि बॅटरी डिकीत. हे वाक्य मी पार्किंगमध्ये उभा राहून तीनदा मोठ्यानं म्हटलं, वॉचमनकाका काळजीनं बघत राहिले. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात उपाय होता. दाराजवळची फ्यूजपेटी उघडा, त्यातून एक छोटी लाल कडी बाहेर ओढा, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची वायर तिला जोडा, मग डिकी उघडेल. ज्यांनी हे लिहिलं त्यांना अडचण माहीत होती. त्यांनी डिकी बदलली नाही, पान वाढवलं.

दुसरी गाडी बाबांची. पंधरा वर्षांची हॅचबॅक, मागच्या काचेवर अजून ताईच्या कॉलेजचं स्टिकर. बाबांनी ती खाली आणली, बॉनेटची दोरी ओढली, बॉनेट उघडलं. दोरी! मी वायर जोडत असताना त्यांनी शांतपणे विचारलं, "ही किती घोड्यांची म्हणालास?" मी उत्तर दिलं नाही. तुम्हीही देऊ नका.

पायरी ९ : सोवळं पाळा

एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल की ही गाडी घरातल्या इतर वस्तूंसारखी नाही. ती सोवळ्यातली आहे. पोरांनी हात लावायचा नाही. पावसात न्यायची नाही. धुणाऱ्या पोऱ्याच्या फडक्यानं पुसायची नाही, तिचं फडकं वेगळं, तिचा साबण वेगळा. चप्पल झटकून बसायचं. आत काही खायचं नाही, पाणीसुद्धा बाहेरच. रंगावर दगड उडू नये म्हणून वरून पारदर्शक फिल्म चढवायची, म्हणजे प्रत्यक्ष गाडीला तुमचाही स्पर्श नाही.

दसऱ्याला पूजा जपून करा. नारळ गाडीसमोर नव्हे, शेजारच्या बिल्डिंगसमोर फोडा. चाकाखाली लिंबू ठेवता येतं, पण लिंबू-मिरची पुढे बांधली तर मिरच्या रस्ता झाडत जातात. आमच्या वॉचमनकाकांनी भक्तिभावानं बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं. फिल्म बसवणारा मुलगा ते पाहून म्हणाला, "हे आता कायमचं, साहेब." मंगलच झालं म्हणायचं.

पायरी १० : पालखी बोलवा

शेवटी एक फोन नंबर. गाडी बंद पडली तर दोरी बांधून ओढू नका आणि पुढची चाकं हवेत लटकवणाऱ्या टोइंगवाल्याला जवळ येऊ देऊ नका. फ्लॅटबेड ट्रक मागवा, सपाट पाठीचा. त्याचा उतारही गाडीच्या नाकाला उभा पडतो, म्हणून खाली लाकडी फळ्या ठेवायला सांगा. फळ्या असलेला ट्रकवाला भेटला की त्याचा नंबर जावयासारखा जपा.

हे मी कुठं शिकलो? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "कोथिंबीर संपलीये." सहा वर्षांपूर्वीचा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर होता. मी किल्ली उचलली. गतिरोधक तिरपा ओलांडला, पहिल्या "बास"ला थांबलो. कुठं घासलं नाही. मंडईजवळ चक्क जागा मिळाली. आमच्याभोवती पंधरावीस जण जमले, एका पोरानं विचारलं, "काका, किती पळते?" मी म्हणालो, "दोनशेनव्वद." बायकोनं घासाघीस करून जुडी घेतली. आम्ही पाठ करून बसलो, बूड, डोकं, पाय. मी किल्ली फिरवली. पडद्यावर पिवळं त्रिकोणी चिन्ह आलं आणि त्याखाली नम्र सूचना, की वर्कशॉपशी संपर्क साधा. मी पुन्हा किल्ली फिरवली. या वेळी चिन्ह लाल होतं.

पालखी पाऊण तासानं आली. ट्रकवाल्यानं फळ्या मांडल्या, गाडी हळूहळू वर चढली. झेंडूचा हार अजून तसाच होता, बॉनेटवर स्वस्तिक. ट्रक हलला तशी गर्दी बाजूला झाली, रिक्षांनी वाट दिली. फुलांच्या दुकानाशी बसलेल्या एका आजीबाईंनी वर बघितलं आणि सवयीनं हात जोडले. गाडी रस्त्यावरून इतक्या डौलात, इतक्या आदरानं कधीच गेली नव्हती. ट्रकच्या पाठीवर तिच्या वाटेला एकही गतिरोधक आला नाही.

मागून बाबांची हॅचबॅक. बाबा चालवत होते, शेजारी मी, मागे बायको, तिच्या मांडीवर कोथिंबिरीची जुडी. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ती म्हणाली, "तू खोटं बोलला नव्हतास. मंडईत नेता येते."

"परत आणायचं मी विचारलंच नव्हतं," हे तिनं घर आल्यावर सांगितलं. नवशिक्यांनी हा प्रश्न आधीच विचारून घ्यावा.